स्प्लिट चालवणाऱ्या डीएक्स स्टेशनला हाक नेमकी कुठे द्यावी?

लघुलहरी (प्रश्न)

नमस्कार. हौशी रेडिओचा परवाना मिळून मला सहा महिने झाले आहेत आणि एचएफ, म्हणजे लघुलहरींच्या, बँडवर दूरच्या देशांशी (डीएक्स) संपर्क साधण्याची गोडी आता कुठे लागते आहे. माझ्याकडे १०० वॅटचा साधा ट्रान्सीव्हर (एकाच पेटीतला ट्रान्समीटर-रिसीव्हर) आणि २० मीटर बँडचा डायपोल अँटेना आहे. गेल्या आठवड्यात एका रात्री १४.१९५ मेगाहर्ट्झवर एका दुर्मीळ बेटावरचे स्टेशन मला ऐकू आले. सिग्नल क्षीण होता, पण शब्द स्वच्छ कळत होते. ते एखादे कॉलसाइन (स्टेशनचे ओळखचिन्ह) घेत असे, ‘फाइव्ह नाइन’ असा सिग्नलचा रिपोर्ट देत असे, थोडा वेळ थांबून ‘थँक यू’ म्हणत असे आणि पुन्हा थांबत असे. त्याला उत्तर देणारे मात्र कोणीच मला ऐकू येत नव्हते. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे असे समजून मी तिथेच माझे कॉलसाइन दिले. तिसऱ्या वेळी दिले तेव्हा चार-पाच जण एकदम ‘अप, अप, अप’ असे ओरडले आणि त्या गलक्यात ते स्टेशनच बुडून गेले. माझ्यामुळे कितीतरी लोकांचा संपर्क हुकला असेल, या विचाराने मला फार वाईट वाटले आणि मी सेट बंद केला.

ते स्टेशन स्प्लिट चालवत होते, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर बोलून दुसरीवर ऐकत होते, हे दुसऱ्या दिवशी कळले. मग सेटची पुस्तिका वाचून मी दुसरा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) ५ किलोहर्ट्झ वर, म्हणजे १४.२०० वर लावला आणि पुढच्या रात्री तासभर हाका दिल्या. एकदाही उत्तर आले नाही. म्हणून विचारतो : हा सगळा खटाटोप मुळात कशासाठी असतो; कोणी सांगितले नाही तरी स्टेशन स्प्लिटवर आहे हे कसे ओळखावे; आणि ‘अप’ म्हणजे नेमके किती वर? सविस्तर उत्तर मिळाले तर आभारी राहीन.

मोर्सकळ

लघुलहरी, आपण जे केले ते या छंदातल्या बहुतेकांच्या हातून एकदा तरी झालेले असते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. शिवाय त्यातला निम्मा दोष त्या ऑपरेटरचा आहे. आपण वर ऐकत आहोत हे त्याने दर एक-दोन संपर्कांनंतर सांगायला हवे होते. ते न सांगितल्यामुळे नव्याने डायल फिरवत आलेल्या माणसाला नेमके तेच चित्र दिसते जे आपल्याला दिसले : एक दुर्मीळ स्टेशन बोलते आहे आणि त्याला कोणी उत्तर देत नाही.

आता स्प्लिट कशासाठी, ते आकड्यांनी पाहू. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या आपल्या एस-मीटरवर त्या बेटाचा सिग्नल एस-३ आहे असे धरा. त्याला हाका देणाऱ्यांपैकी एखादा आपल्या जवळच आहे आणि तो एस-९ च्या वर २० डेसिबलने येतो आहे. एक एस-युनिट ६ डेसिबलचे धरतात. म्हणजे एस-३ पासून एस-९ पर्यंत ३६ डेसिबल आणि वरचे २०, असा ५६ डेसिबलचा फरक झाला. शक्तीच्या हिशेबात हा फरक जवळजवळ चार लाखपट आहे. हे दोघे एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तर जवळचा माणूस बोलत असताना बेटाचा एक शब्दही आपल्या कानी येणे शक्य नाही, आणि कोणताही फिल्टर इथे उपयोगाचा नाही, कारण फिल्टर वेगळे करतो ते फ्रिक्वेन्सीने, आणि ती तर दोघांची एकच आहे. असे शंभर जण असतील तर बेटाने कोणाला उत्तर दिले हेच कोणाला कळत नाही. न कळल्यामुळे सगळे हाका देत राहतात. आणि ज्याचे कॉलसाइन घेतले गेले तोही ते न ऐकता पुन्हा हाक देतो. बेटाने आपली फ्रिक्वेन्सी स्वतःपुरती राखून ठेवली आणि गर्दीला काही किलोहर्ट्झ दूर नेले, की प्रत्येकाला बेट स्वच्छ ऐकू येते आणि आपली पाळी आहे की नाही हे कळते.

दुसरा फायदा बेटावरच्या माणसाचा. एसएसबीचा, म्हणजे एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, सिग्नल साधारण अडीच किलोहर्ट्झ रुंद असतो. सगळी गर्दी एकाच जागी असेल तर त्याच्या हेडफोनमध्ये नुसता कोलाहल येतो. तीच गर्दी १० किलोहर्ट्झवर पसरली तर एकमेकांवर न चढणाऱ्या चार जागा तयार होतात, आणि जिथे आवाज विरळ आहे तिथून एखादे कॉलसाइन वेचता येते. मोर्समध्ये सिग्नल याहून कितीतरी अरुंद असल्यामुळे दोन-तीन किलोहर्ट्झांत अशा पुष्कळ जागा होतात.

आपल्याला हाका देणारे ऐकू का आले नाहीत, यालाही दोन कारणे आहेत. एक तर ते आपण ऐकत होतात त्या फ्रिक्वेन्सीवर नव्हतेच. दुसरे असे, की आयनोस्फिअरवरून परतणारी लहर एका उडीत मधला बराच प्रदेश ओलांडून जाते, त्यामुळे २० मीटरवर आपल्यापासून काहीशे किलोमीटरवरचे स्टेशन आपल्याला अजिबात ऐकू येत नाही, मात्र ते आणि आपण दोघेही बेटावर पोहोचतो. म्हणून ‘इथे कोणी नाही’ हा निष्कर्ष एचएफवर फार सावधपणे काढावा लागतो.

ओळखण्याची खूण यातूनच मिळते. संवादाची एकच बाजू ऐकू येत असेल, उत्तरे लागोपाठ ठरावीक चालीने येत असतील आणि दर वेळी नवे कॉलसाइन घेतले जात असेल, तर स्प्लिट आहे असेच धरून चालावे. हाक देण्यापूर्वी किमान पाच-सहा संपर्क नुसते ऐकावेत. मोर्समध्ये स्टेशन शेवटी ‘अप’ किंवा ‘अप २’ असे पाठवते. ‘क्यूएसएक्स’ आणि पुढे फ्रिक्वेन्सी असेही कधी ऐकू येते, त्याचा अर्थ ‘मी या फ्रिक्वेन्सीवर ऐकत आहे’. एसएसबीवर ‘लिसनिंग फाइव्ह टु टेन अप’ असे म्हटले, तर १४.१९५ च्या उदाहरणात तो १४.२०० ते १४.२१० या पट्ट्यात ऐकतो आहे. आपण १४.२०० वर ठाण मांडून बसलात, म्हणजे त्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला, आणि ‘फाइव्ह’ हा पहिला आकडा ऐकून बहुतेक सगळे तिथेच जमतात. सर्वांत दाट गर्दी तिथे असते.

थोडे विषयाच्या कडेचे सांगतो. स्प्लिट ही पुढे जोडलेली युक्ती आहे असे अनेकांना वाटते. वस्तुतः क्रम उलटा आहे. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर ही दोन वेगळी यंत्रे होती आणि ट्रान्समीटर क्रिस्टलवर चालत असे, त्या काळी ज्याच्याकडे जो क्रिस्टल तीच त्याची फ्रिक्वेन्सी. सीक्यू, म्हणजे सर्वांना उद्देशून हाक, दिल्यावर ऑपरेटर सगळा बँड फिरवून कोण कुठे उत्तर देतो हे शोधत असे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रान्सीव्हर आले आणि दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच डायलला बांधल्या गेल्या. मग स्प्लिटसाठी ड्रेकच्या टीआर-४ ला आरव्ही-४, यासूच्या एफटी-१०१ ला एफव्ही-१०१ अशी बाहेरून जोडायची वेगळी व्हीएफओची पेटी घ्यावी लागे. आज तीच पेटी ‘व्हीएफओ बी’ या नावाने सेटच्या आत आली आहे.

रात्रपाळी

मोर्सकळ यांनी कारणे उत्तम सांगितली आहेत. मी फक्त हात कुठे ठेवायचा ते सांगतो, कारण ऐन वेळी घोळ होतो तो तिथे.

आधी व्हीएफओ ए डीएक्स स्टेशनवर नीट लावा. मग ए=बी हे बटण दाबा, म्हणजे बी वर तीच फ्रिक्वेन्सी, आणि मुख्य म्हणजे तोच मोड येतो. ही पायरी वगळू नये. सकाळी आपण ४० मीटरवर एलएसबीत (एसएसबीच्या खालच्या साइडबँडमध्ये) बोलला असाल आणि बी तसाच राहिला असेल, तर स्प्लिट दाबल्यावर आपला आवाज भलत्याच बँडवर किंवा भलत्याच साइडबँडवर जाईल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्यानंतर स्प्लिट चालू करा आणि बी ला हवे तितके वर न्या. काही सेटमध्ये स्प्लिटचे बटण जरा वेळ दाबून धरले की या सगळ्या पायऱ्या एकदम होतात. आता शक्ती किमान करून, डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रोध) असेल तर तो जोडून, एकदा पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबून पडद्यावर फ्रिक्वेन्सी बदलते का ते डोळ्यांनी पाहा. ती बदलली नाही, तर आपण डीएक्सच्याच डोक्यावर बोलणार आहात.

तिसरी गोष्ट, जी पुस्तिकेत एका ओळीत उरकलेली असते पण माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे, ती म्हणजे दाबून ठेवले असता ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी ऐकवणारे बटण. आयकॉमच्या अनेक सेटवर त्यावर एक्सएफसी असे लिहिलेले असते, केनवूडवर टीएफ-सेट. ते दाबून धरून डायल फिरवला की फक्त ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी हलते आणि आपण गर्दीत काय चालले आहे ते ऐकू शकता. सोडले की पुन्हा डीएक्स स्टेशन. ज्यांच्याकडे दोन रिसीव्हर असलेला सेट आहे त्यांना एका कानात डीएक्स आणि दुसऱ्या कानात गर्दी, असे दोन्ही एकाच वेळी ऐकता येते. ते सुख मोठे आहे, पण त्यावाचून अडत नाही. मी पहिली कित्येक वर्षे एका बटणावरच काढली.

नेहमीच्या चुकाही सांगून ठेवतो. आरआयटी (फक्त रिसीव्हर थोडा सरकवणारी सोय) आधीच्या संपर्कापासून चालू राहिलेली असते, त्यामुळे डीएक्सची जी फ्रिक्वेन्सी आपण पाहतो ती खरी नसते. स्प्लिट चालू ठेवूनच ए आणि बी यांची अदलाबदल करणारे बटण चुकून दाबले जाते आणि सगळे उलटे होते. अँटेना ट्यून करण्यासाठी लोक डीएक्सच्या फ्रिक्वेन्सीवरच वाहक लहर सोडतात. ही चूक तर सर्वांत त्रासदायक, कारण ती शिट्टी त्या वेळी ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात जाते. ट्यूनिंग नेहमी दूर, मोकळ्या जागी आणि कमी शक्तीवर उरकून यावे. आणि वर जाताना बँडची सीमा आणि आपल्या परवान्याने दिलेला पट्टा पाहावा. डीएक्सने सांगितले म्हणून परवानगीबाहेर ट्रान्समिट करता येत नाही. यूएसबीत (वरच्या साइडबँडमध्ये) आपला सिग्नल डायलवरच्या आकड्याच्या वर पसरतो, हेही तेव्हा ध्यानात असू द्या : १४.३४९ वर बोलणाऱ्याचा आवाज १४.३५० ची सीमा ओलांडून गेलेला असतो.

मोर्सकळ

सीमेवरून आठवले म्हणून एक भर घालतो. ४० मीटरवर स्प्लिट ही एके काळी नियमांनीच लादलेली गोष्ट होती. जगाच्या मोठ्या भागात हौशी मंडळींना ७.१०० पर्यंतच जागा होती, आणि अमेरिकेतल्यांना तिथे त्यापेक्षा वरच बोलण्याची मुभा होती. मग युरोप-आशियातले स्टेशन ७.१०० च्या खाली बोलायचे आणि ७.१५० च्या वर, प्रसारण केंद्रांच्या भिंतीआडून, अमेरिकेला ऐकायचे. २९ मार्च २००९ पासून ७.१०० ते ७.२०० हा पट्टा इतर विभागांतल्या हौशींनाही मिळाला आणि ही सक्ती बरीचशी संपली. म्हणून ‘अप’ म्हणजे एवढेच, असा एकच ठरलेला आकडा नाही. मोर्समध्ये एक ते तीन, एसएसबीत पाच ते दहा हा आजचा साधारण प्रघात; पण जे कानावर पडेल तेच प्रमाण. क्वचित ‘डाउन’ही ऐकू येते.

दुसराव्हीएफओ

प्रश्नाचा खरा गाभा ‘मला उत्तर का आले नाही’ हा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. स्प्लिट चालू करणे म्हणजे दार सापडणे. आत जायचे तर तो माणूस गर्दीत कान कसा फिरवतो आहे हे ओळखावे लागते. माझा अनुभव असा आहे की तासभर एकाच जागी हाका देणाऱ्यापेक्षा चाळीस मिनिटे नुसते ऐकून वीस मिनिटे हाका देणारा लवकर यशस्वी होतो, मग त्याची शक्ती कमी का असेना.

करायचे असे. डीएक्सने एखादे कॉलसाइन घेतले की लगेच ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीचे बटण दाबा आणि तो भाग्यवान कुठे ‘फाइव्ह नाइन’ देतो आहे ते शोधा. मोर्समध्ये यासाठी जेमतेम दोन सेकंद मिळतात, एसएसबीत थोडे अधिक. पहिल्या दहा वेळांत तो सापडणार नाही. अकराव्या वेळी सापडेल. सापडला की फ्रिक्वेन्सी कागदावर लिहा. वॉटरफॉल, म्हणजे बँडवरचे सिग्नल रेघांनी, दाखवणारा पडदा असेल तर काम सोपे होते : सगळी गर्दी थांबलेली असते आणि एकच रेघ चालू दिसते, तोच तो.

माझ्या वहीतले एक पान देतो. १७ मीटरवर मोर्समध्ये डीएक्स १८.०७५ वर होता आणि ‘अप’ एवढेच पाठवत होता. ज्यांना उत्तर मिळाले त्यांच्या मी पकडलेल्या जागा अशा : १८.०७६२, १८.०७६४, १८.०७६४, १८.०७६७, १८.०७६९. म्हणजे तो प्रत्येक संपर्कानंतर दोन-तीनशे हर्ट्झ वर सरकत होता आणि एकाच जागी एखाद-दुसरा जास्तीचा घेत होता. मी १८.०७७२ वर जाऊन बसलो. तो १८.०७७० वर एक घेऊन माझ्यापाशी आला, पण माझ्यासारखाच विचार केलेला आणखी कोणी तिथे होता आणि तो जोरदार होता. मी तिथे न थांबता ५०० हर्ट्झ पुढे गेलो, नंतरचे दोन संपर्क हाक न देता जाऊ दिले, आणि तिसऱ्या वेळी कॉलसाइन एकदाच पाठवले. उत्तर आले. जिथे शेवटचा संपर्क झाला तिथेच सगळे तुटून पडतात. डीएक्स मात्र बहुधा तिथून पुढे सरकलेला असतो. तो पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोहोचला की काही जण उडी मारून पुन्हा तळाशी येतात, तर काही जण त्याच वाटेने हळूहळू खाली उतरतात. हे पाहण्यासाठी एक संपूर्ण फेरी ऐकावीच लागते. काही ऑपरेटर मात्र एका ठिकाणाहून चार-पाच जण घेतात आणि मग एकदम दूर जातात. तिथे शेवटच्या संपर्काची जागाच बरोबर असते. तेही ऐकूनच कळते.

हाक द्यायची तीही एकदा, पूर्ण कॉलसाइन, आणि लगेच ऐकायचे. कॉलसाइनची शेवटची दोन अक्षरे तेवढी देण्याची सवय काहींना असते. तिने उलट वेळ जातो, कारण उरलेले विचारण्यात डीएक्सचा आणखी एक फेरा खर्च होतो. त्याने दुसऱ्या कोणाची अक्षरे घेतली असतील आणि ती आपल्या कॉलसाइनशी जुळत नसतील, तर गप्प राहावे. त्याने एखादा खंड पुकारला आणि आपण त्या खंडात नसू, तरीही गप्प राहावे. तेवढा वेळ त्याची लय वहीत टिपण्यात घालवावा. आणि आपण त्याला नीट ऐकू शकत नसू, तर हाकच देऊ नये. त्याने आपले कॉलसाइन घेतले तरी आपल्याला ते कळणार नाही आणि मागचे शंभर जण ताटकळतील.

लघुलहरी

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री तेच स्टेशन पुन्हा १४.१९५ वर सापडले. या वेळी मी तासभर एकही हाक दिली नाही. बटण दाबून धरून मी नऊ जण पकडले आणि त्यांच्या जागा लिहून काढल्या. ऑपरेटर १४.२०३ पासून सुरू करून अडीच-अडीच किलोहर्ट्झच्या पावलांनी वर जात होता आणि १४.२१० नंतर पुन्हा खाली येत होता. १४.२०० वर त्या संपूर्ण तासात त्याने माझ्या ऐकण्यात एकही संपर्क केला नाही. आणि मी आदल्या खेपेला सगळा वेळ तिथेच होतो! त्यानंतर मी १४.२०८ वर जाऊन हाका दिल्या. एकदा माझ्या कॉलसाइनमधली दोन अक्षरे त्याने उच्चारली असे वाटले, पण तोवर बँड बंद होत आला होता आणि आवाज विरून गेला.

आणखी तीन शंका. माझ्या मित्राच्या जुन्या सेटमध्ये आरआयटी आणि एक्सआयटी अशा दोन सोयी आहेत. त्यांनी स्प्लिट साधता येईल का? एफटी-८ या संगणकावरून चालणाऱ्या पद्धतीमध्येही ‘स्प्लिट’ असा पर्याय दिसतो, तो हाच का? आणि माझ्यासारखी चूक दुसरा कोणी करत असेल तर त्याला ‘अप’ असे सांगणे योग्य आहे का?

रात्रपाळी

पहिल्या शंकेचे उत्तर होय असे आहे. आरआयटी फक्त रिसीव्हर सरकवते आणि एक्सआयटी फक्त ट्रान्समीटर. डीएक्सवर मुख्य डायल लावून एक्सआयटीने दीड-दोन किलोहर्ट्झ वर गेले की मोर्सच्या स्प्लिटला पुरते. अनेक सेटमध्ये या दोन्हींची मर्यादा १० किलोहर्ट्झच्या जरा आत असते, म्हणजे एसएसबीचाही बराचसा पट्टा हाती येतो. अडचण एवढीच, की गर्दी ऐकण्यासाठी दर वेळी आरआयटी फिरवावी लागते आणि तिथे हात चुकतो. दुसरा व्हीएफओ असेल तर तोच वापरावा.

एफटी-८ मधला मुद्दा थोडा वेगळा आहे. तिथे सगळे एकाच डायल फ्रिक्वेन्सीवर, उदाहरणार्थ १४.०७४ वर, असतात आणि सुमारे तीन किलोहर्ट्झच्या ध्वनिपट्टीत ज्याची त्याची जागा वेगळी असते. डीएक्सच्या जागेवरच हाक न देता मोकळी जागा पाहून तिथे स्थिर राहणे, हाच तिथला स्प्लिट. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी-८ च्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला ‘स्प्लिट’ हा पर्याय मात्र निराळ्या कामाचा आहे : तो ट्रान्समिट करताना सेटची फ्रिक्वेन्सी अशी सरकवतो, की प्रत्यक्ष ध्वनी १५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान राहावा आणि त्याच्या पटीतले (हार्मोनिक) ध्वनी फिल्टरबाहेर पडावेत. यामुळे सिग्नल स्वच्छ जातो, म्हणून तो चालू असावा. मोहिमांसाठी, म्हणजे दुर्मीळ ठिकाणी जाऊन चालवलेल्या स्टेशनांसाठी, २०१८ पासून ‘फॉक्स-हाउंड’ पद्धत आली. तिच्यात मोहिमेचे स्टेशन, म्हणजे फॉक्स, ३०० ते ९०० हर्ट्झच्या पट्टीत बोलते आणि हाका देणाऱ्यांनी, म्हणजे हाउंडनी, १००० हर्ट्झच्या वरूनच हाक द्यायची असते. फॉक्सने आपल्याला रिपोर्ट दिला की सॉफ्टवेअर आपल्या ट्रान्समीटरला आपोआप खालच्या पट्टीत नेते. एकाच ध्वनिपट्टीच्या आत मांडलेला हा स्प्लिटच आहे, फक्त कान फिरवण्याचे काम तिथे संगणक करतो.

बेटावरून

तिसऱ्या शंकेवर मी लिहितो, कारण मी एका मोहिमेत गर्दीच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे. ‘अप’ असे सांगू नये. एकाने चूक केली तर ती दोन सेकंद टिकते. तिच्यावर पाच जण ओरडले की दहा सेकंद जातात, मग त्या पाच जणांना गप्प करायला आणखी काही जण येतात आणि तोवर दोन संपर्क बुडालेले असतात. मला बेटावर यातले काहीच ऐकू येत नसे, कारण माझा रिसीव्हर वर होता. मला फक्त एवढेच कळायचे, की ज्याला मी रिपोर्ट दिला तो उत्तर देत नाही. ज्याला मदत करावीशी वाटते त्याने त्या माणसाला नंतर, दुसऱ्या मार्गाने, शांतपणे समजावून सांगावे.

हे थांबवण्याचा उपाय डीएक्सच्याच हातात असतो. पहिल्या दिवशी मी वेग वाढवण्याच्या नादात ‘अप’ म्हणणे टाळत होतो. प्रत्येक संपर्कामागे एक शब्द वाचतो असे मला वाटे. संध्याकाळपर्यंत माझ्या फ्रिक्वेन्सीवर इतके लोक हाका देऊ लागले, की माझी उत्तरे कोणापर्यंत पोहोचेनात आणि मला एकेक रिपोर्ट तीन-तीनदा द्यावा लागला. माझ्या जोडीदाराने दुसऱ्या सेटवर माझी फ्रिक्वेन्सी ऐकली आणि हेडफोन माझ्या कानाला लावला, तेव्हा मला कळले. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक ‘थँक यू’ नंतर कॉलसाइन आणि ‘अप फाइव्ह टु टेन’ असे म्हणू लागलो आणि तासाचे संपर्क घटायच्या ऐवजी वाढले.

पट्टा किती रुंद ठेवावा यावरही माझे ठाम मत आहे. गर्दी वाढली की तो वाढवत नेण्याचा मोह होतो, आणि २० किलोहर्ट्झपर्यंत पसरलेला पट्टा मी स्वतः ऐकला आहे. तेवढ्या जागेत इतरांचे नेहमीचे संपर्क चालू असतात आणि ते हकनाक चिरडले जातात. तो बँड त्यांचाही आहे. एसएसबीत दहा आणि मोर्समध्ये तीन-चार किलोहर्ट्झांपलीकडे जाण्याची वेळ आली, तर मी पट्टा न वाढवता खंडांप्रमाणे पाळ्या लावत असे. शिवाय फार रुंद पट्ट्यात माझी लय कोणाला सापडत नाही, आणि ऐकून बसणारा चांगला ऑपरेटर मला मिळतच नाही.

लघुलहरी, त्या ऑपरेटरने आपली दोन अक्षरे उच्चारली असतील, तर १४.२०८ वर आपला सिग्नल त्याच्यापर्यंत पोहोचत होता असे समजा. जी अक्षरे त्याने घेतली ती वेळेसह लिहून ठेवा. बँड त्या बाजूला बंद होण्याच्या शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत गर्दी विरळ होते, कारण जिथून बँड आधी बंद होतो ते लोक गळलेले असतात. मोहीम अजून चालू असेल तर त्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून ऐकायला बसा आणि आधी तो वर चालला आहे की खाली येतो आहे ते पाहून घ्या.

लघुलहरी

ती दोन अक्षरे माझ्या कॉलसाइनमधली शेवटची दोन होती, आणि वेळ वहीत आहे. मोहीम आणखी चार दिवस चालणार आहे. आज रात्री ए=बी पासून सुरुवात करतो.